वजन उतरवायचंय? आधी लिहायला लागा

वजन कमी करायचं ठरलं की आपल्याकडे सगळ्यात आधी भात सुटतो. मग बटाटा, मग केळं, मग रात्रीचं जेवण. आठ-दहा दिवसांत काटा दोन-अडीच किलो खाली येतो, घरचे कौतुक करतात, आणि पंधराव्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याला जाऊन आलं की गाडी पुन्हा मूळ पदावर. असं तीन-चारदा झालं की माणूस ‘माझी प्रकृतीच तशी आहे’ म्हणून नाद सोडतो. दोष प्रकृतीचा नसतो. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या वजनात चरबी थोडीच असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आणि तिने धरून ठेवलेलं पाणी, हेच मुख्यतः गेलेलं असतं. भात-पोळी पूर्ववत झाली की तेही परत येतं.

म्हणून माझा आग्रह असा, की काहीही सोडायच्या आधी दोन आठवडे फक्त लिहा. काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं. जास्तीचं खाणं सबंध ताटात सारखं पसरलेलं नसतं, ते प्रत्येकाच्या दिवसात दोन-तीन ठरावीक जागी दडलेलं असतं. कुणाचं चहाबरोबर, कुणाचं फोडणीत, कुणाचं रात्री साडेदहानंतर. या जागा तुमच्याऐवजी दुसरं कुणी सांगू शकत नाही. त्या सापडल्या की तेवढ्याच दुरुस्त करायच्या, बाकी ताट आहे तसं राहू द्यायचं, रोज चालायचं आणि महिन्याला दीड-दोन किलोंपेक्षा जास्त घाई करायची नाही.

मुळात वजन कमी करायची गरज आहे का, हे आधी बघावं. किलोंमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय. जागतिक मापात २५ पर्यंत ठीक मानतात, पण भारतीयांसाठी डॉक्टर २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ५९ किलोंच्या आसपास पहिली रेघ येते आणि ६४ वर दुसरी. आपल्यासाठी रेघ अलीकडे का, याचं एक बोलकं उदाहरण पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही चरबी जास्त असू शकते, आणि ती बहुतेक पोटाभोवती असते.

त्यामुळे काट्याइतकीच शिवणकामाची टेप महत्त्वाची. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. श्वास सोडून, पोट आत न ओढता, दर वेळी एकाच जागी मोजा. आणखी सोपं माप हवं असेल तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता लिहिण्याबद्दल. ‘मी फारसं काही खात नाही, तरी वजन वाढतंच’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि म्हणणारा ते अगदी मनापासून म्हणत असतो. १९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी अशाच तक्रारीच्या लोकांचं खरं खाणं शास्त्रीय पद्धतीने मोजलं. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं, आणि सांगितलेली शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसं फसवत नव्हती. जेवण लक्षात राहतं, पण जेवणांच्या मधलं खाणं लक्षात राहत नाही, हा मनाचा धर्मच आहे. उलट बाजूचा पुरावाही आहे. २००८ साली अमेरिकेत सुमारे १,७०० लोकांच्या अभ्यासात, रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचं वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट उतरलं.

वही साधी घ्या, मोबाइल बरा वाटत असेल तर मोबाइलवर लिहा. नियम एकच: खाल्ल्यावर लगेच लिहायचं, रात्री आठवून नाही. रात्री लिहिलेल्या पानावर दोन्ही जेवणं असतात, पण भाजी चाखताना खाल्लेले दोन घास, ऑफिसात कुणीतरी पुढे केलेला पेढा आणि मुलाच्या डब्यात उरलेला अर्धा पराठा नसतो. वेळ लिहा, पदार्थ लिहा, माप लिहा, आणि शेवटी एक शब्द: भूक होती, सवय होती, आग्रह होता की कंटाळा होता. दोन आठवड्यांनी हा शेवटचा रकाना सगळ्यात जास्त शिकवतो.

मापासाठी घरातली भांडी एकदाच तपासून घ्यावी लागतात. आपल्याकडे ‘वाटी’ म्हणजे नेमकं किती हे घरोघरी वेगळं असतं. तुमची नेहमीची आमटीची वाटी पाण्याने भरा आणि ते पाणी मोजपात्रात ओता. कुठे १२० मिलीलिटर निघेल, कुठे २००. भाताचा डाव, तेलाची पळी, साखरेच्या डब्यातला चमचा, सगळ्यांचं असंच करा. पाच-सातशे रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मिळाला तर फारच उत्तम. एका पोळीला किती कणीक लागते ते चार दिवस तोलून बघा. २५ ते ३० ग्रॅम कणकेचा कोरडा फुलका ९० ते १०० कॅलरींचा असतो. तीच पोळी मोठी लाटली, घडी घालताना आत तेल लावलं आणि वरून तूप सोडलं, तर दीडशे होतात. ज्वारीच्या भाकरीबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. भाकरी चांगलीच, तिच्यात चोथा जास्त आणि तेल शून्य. पण ५० ते ६० ग्रॅम पिठाची भाकरी १८० ते २०० कॅलरींची असते, म्हणजे दोन फुलक्यांएवढी. दोन पोळ्या सोडून दोन भाकऱ्या खाणाऱ्याचं वजन का उतरत नाही, त्याचं उत्तर या पिठाच्या वजनात आहे.

कॅलरींचे आकडे कुठून घ्यायचे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ‘इंडियन फूड कम्पोझिशन टेबल्स’ प्रसिद्ध केले, त्यात ५२८ भारतीय खाद्यघटकांची मोजणी आहे. कच्च्या जिनसांसाठी याहून खात्रीचा आधार आपल्याकडे नाही. मोबाइलमधल्या ॲपवर ‘पोहे, एक प्लेट’ असं लिहून जो आकडा येतो तो कुठल्या घरच्या पोह्यांचा, हे कळायला मार्ग नसतो. त्यात शेंगदाणे किती, तेल किती, वरून शेव होती का? म्हणून घरचा पदार्थ एकदा पूर्ण मांडा: कढईत गेलेले सगळे जिन्नस तोलून त्यांची बेरीज करा आणि जेवढ्या जणांनी खाल्लं त्यांच्यात वाटणी करा. नेहमीचे दहा-बारा पदार्थ असे एकदा मांडले की पुढे वर्षभर तेच आकडे चालतात.

हे सगळं किचकट वाटत असेल तर तेलाच्या डब्यापासून सुरुवात करा, कारण तो हिशेब घरबसल्या पाच मिनिटांत होतो. समजा घरात चार माणसं आहेत आणि महिन्याला पाच लिटर तेल लागतं. म्हणजे माणशी रोज सुमारे ४२ मिलीलिटर, वजनात ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, तेव्हा माणशी ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. यात तूप, दाण्याचं कूट, ओलं खोबरं आणि बाहेरचं खाणं धरलेलंच नाही. हेच घर महिन्याला साडेतीन लिटरवर आलं तर माणशी रोज शंभर कॅलरी आपोआप कमी होतात आणि जेवणाच्या चवीत कुणाला फरकही जाणवत नाही. त्यासाठी बाटलीतून कढईत तेल ओतायचं बंद करून चमच्याने मोजून घालायला लागायचं. डबा आणल्याची तारीख त्याच्यावरच पेनाने लिहून ठेवा. तो किती दिवस पुरला हे महिन्याअखेरीस घरातल्या सगळ्यांना दिसेल, आणि मग हे काम एकट्याचं राहणार नाही.

वहीतलं एक पान कसं दिसतं ते बघू. सकाळी सात: चहा, दोन लहान चमचे साखर, तीन बिस्किटं. साडेनऊ: बशीभर पोहे, पुन्हा चहा. एक वाजता डबा: तीन पोळ्या, कोबीची भाजी, दोन चमचे शेंगदाण्याची चटणी. साडेतीनला ऑफिसचा चहा. सहाला घरी आल्यावर चहा आणि मूठभर फरसाण. रात्री नऊ: दोन पोळ्या, वाटीभर आमटी, भात, लोणचं. यात वावगं असं काय आहे? वाचणारा म्हणेल, भात सोडा. पण पान नीट वाचलं तर चार चहांतून आठ चमचे साखर गेलेली आहे, म्हणजे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्था दिवसभराची जास्तीची साखर २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. तीन बिस्किटं पाऊणशे कॅलरींची आणि मूठभर फरसाण, ३० ग्रॅम धरलं तर, दीडशेच्या वर. चहातली साखर निम्मी केली, बिस्किटं थांबवली आणि फरसाणाऐवजी काकडी-गाजर किंवा वाटीभर ताक घेतलं, तर अडीचशेच्या वर कॅलरी वाचतात आणि दुपारचा डबा, रात्रीचा भात जागच्या जागी राहतो.

ऑफिसचा चहा आयता साखर घातलेला येतो, तिथे अर्धा कप घ्या. घरी एकदम बिनसाखरेचा चहा करू नका, तो आठवडाभरच टिकतो. दोनाचा दीड चमचा, पंधरा दिवसांनी एक, असं उतरत या. जिभेला दोन-तीन आठवडे लागतात, नंतर जुना चहा खरोखरच फार गोड लागतो.

अडीचशे कॅलरींनी काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोजच्या २५० महिन्याला ७,५०० होतात, म्हणजे कागदावर जवळजवळ एक किलो. त्यात रोज पाऊण तास भरभर चालण्याचे साधारण दीडशे मिळवा, दीड किलो होतात. प्रत्यक्षात थोडं कमी उतरतं, कारण वजन घटलं की शरीराचा रोजचा खर्चही घटतो आणि काही दिवस आपण चुकतोही. तरी सहा महिन्यांत पाच-सहा किलो हे हाती लागण्यासारखं आहे. ७५ किलोंच्या माणसाचं ते सुमारे ७ टक्के वजन झालं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत हेच ७ टक्क्यांचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायामाचं उद्दिष्ट होतं. २००२ साली तिचा निकाल आला तेव्हा त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळलं. मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी कमी होतं. पाच-सहा किलो म्हणजे किरकोळ, असं कुणी म्हणालं तर हे आकडे त्यांना जरूर सांगा.

घाईने उतरवण्यात आणखीही एक धोका आहे. वजन झपाट्याने घटलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात. वजन परत येतं तेव्हा ते मुख्यतः चरबीच्या रूपाने येतं. म्हणून महिन्यात दहा किलो उतरवून देणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा, मग त्यांत चूर्ण असो, शेक असो की नुसतं गरम पाणी आणि मध.

स्नायू राखायचे तर ताटात प्रथिनं हवीत, आणि मराठी ताटात ती नेमकी कमी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोंच्या माणसाला रोज ५४ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात. वाटीभर घट्ट मटकीच्या किंवा चवळीच्या उसळीत आठ-नऊ, एका अंड्यात सहा, वाटीभर दह्यात पाच, १०० ग्रॅम बांगड्यात किंवा सुरमईत वीसच्या आसपास. वजन उतरवताना दोन्ही जेवणांत आमटी घट्ट करा किंवा उसळ ठेवा, सोबत अंडं, मासे, दही यांपैकी जे तुमच्या घरात चालतं ते घ्या. पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि पाच वाजता हात फरसाणाच्या बरणीकडे जात नाही. मासे मात्र रव्यात घोळवून तळलेले असतील तर तेलही लिहायचं.

उपासाच्या दिवसाचं पान आवर्जून लिहा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं आपल्या आज्या उगाच म्हणत नव्हत्या. एक माणूस पोटभर खातो तेवढ्या साबुदाण्याच्या खिचडीत पाऊणशे ग्रॅम साबुदाणा, पंचवीस ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि थोडा बटाटा धरला तरी पाचशेच्या वर कॅलरी होतात आणि प्रथिनं येतात ती शेंगदाण्यांतून, दिवसाच्या गरजेच्या आठव्या हिश्श्याएवढीच. उपास श्रद्धेचा आहे, तो जरूर करा. खिचडीऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, सोबत दही, एखादं फळ, असा केला तर श्रद्धाही राहते आणि हिशेबही.

आणि सणवार. पंगतीत आग्रह होणारच, दिवाळीत चार घरांतून फराळाची ताटं येणारच. मध्यम आकाराच्या एका बेसनाच्या लाडवात पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी असतात हे माहीत असावं आणि तरीही तो खावा, घरच्या चांगल्या तुपातला, बसून, चवीने. टाळायचा तो दुसऱ्याच्या आग्रहाने गिळलेला तिसरा. वाढणारा समोर यायच्या आत ताटावर हात आडवा धरायचा आणि ‘झालं, पोट भरलं’ एवढंच म्हणायचं. डाएटचं नाव काढलं की चर्चा सुरू होते आणि चर्चेत माणूस हरतो. लग्नाच्या, सणाच्या, सहलीच्या दिवशीही लिहा. बिघडलेल्या दिवसाचं पान कोरं ठेवायचा मोह होतो, पण तेच पान पुढच्या वेळी उपयोगी पडतं. एक दिवस तीन हजार कॅलरी झाल्या म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका, नेहमीच्या जेवणावर परत या.

घरच्या बाईबद्दल मला वेगळं सांगायचं आहे. तिचं खाणं बहुतेक वहीत कुठेच बसत नाही. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते, पातेल्यात उरलेली भाजी आणि दुपारची शिळी पोळी ‘टाकायची कशी’ म्हणून खाते, मुलाच्या ताटातलं उरलेलंही तीच संपवते, आणि एवढं करून तिच्या वाट्याला दूध-दही-उसळ सगळ्यात कमी येते. वजन वाढतं आणि अंगात रक्त कमी राहतं, हे दोन्ही एकाच बाईत दिसतं ते असं. तिने आधी आपलं ताट वाढून घ्यावं, उसळीसकट, आणि उरलेलं अन्न फ्रिजमध्ये डब्यात जावं. ही गोष्ट तिच्या एकटीच्या निश्चयाने होत नाही. घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी ताटात तेवढंच वाढून घ्यायचं आणि संपवायचं ठरवलं तर होते.

व्यायामाबद्दल आता. नुसत्या व्यायामाने वजन उतरवणं अवघड आहे, हे आधी मान्य करू. एक वडापाव साधारण तीनशे कॅलरींचा, आणि सत्तर किलोंच्या माणसाला तेवढ्या खर्च करायला सहा किलोमीटर चालावं लागतं. वडापाव चार घासांत संपतो. वजन उतरतं ते मुख्यतः खाण्याच्या बाजूने. पण उतरलेलं वजन उतरलेलंच राहावं, स्नायू टिकावेत, साखर-रक्तदाब ताब्यात यावा, झोप लागावी, यासाठी व्यायामाला पर्याय नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय चाचणीत आहार आणि चालण्याने मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं, आणि तेही वजनात फारसा फरक पडलेला नसताना. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही इतक्या वेगाने चालणं. शिवाजी पार्कचा कट्टा, रंकाळ्याचा काठ, पुण्यातली वेताळ टेकडी, कुठलंही चालेल, सोसायटीच्या आवारातल्या फेऱ्याही चालतील. ज्याने वर्षानुवर्षं काही केलेलं नाही त्याने पहिला आठवडा दहा मिनिटंच चालावं आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवावी. सकाळी लोकल गाठायची असेल तर वेळेचे तुकडे करा: दहा मिनिटं स्टेशनपर्यंत, दहा दुपारच्या जेवणानंतर, पंधरा रात्री. रात्रीची शतपावली ही आपली फार चांगली रीत आहे. जेवणानंतर चालल्याने रक्तातली साखर कमी चढते, फक्त ती शंभर पावलांवर न थांबवता पंधरा मिनिटांपर्यंत न्यावी.

स्नायूंच्या व्यायामाला जिमच हवी असं नाही. महाराष्ट्रात जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार घरोघरी होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सुरू केले आणि त्यांचा देशाबाहेरही प्रचार केला. तरुणांनी जोर-बैठकांनी सुरुवात करावी. पन्नाशीच्या पुढच्यांनी, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठणं-बसणं दहा वेळा आणि भिंतीला हात टेकून जोर दहा वेळा, असं दिवसाआड करावं. सोपं वाटायला लागलं की संख्या वाढवा. सूर्यनमस्कार सावकाश सहापासून सुरू करा. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काट्यावर कधी उभं राहायचं? सकाळी, शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच काट्यावर. रोज बघितलं तरी चालेल, पण एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झाले तर सकाळी किलोभर जास्त भरतं, ते पाणी असतं. एका रात्रीत किलोभर चरबी वाढायला गरजेच्या वर ७,७०० कॅलरी खाव्या लागतील. बायकांचं वजन पाळीच्या आधी एक-दोन किलो चढतं आणि नंतर आपोआप उतरतं, त्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी तुलना करावी. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. रोजच्या आकड्याने ज्यांचा सबंध दिवस खराब जातो त्यांनी आठवड्यातून एकदाच बघावं.

दोन-तीन महिन्यांनी सरासरी अडकून बसते. हे सगळ्यांचंच होतं. शरीर हलकं झाल्याने त्याला लागणारं इंधन कमी झालेलं असतं, आणि मोजमापही सैल पडलेलं असतं: मोजून घातलेलं तेल पुन्हा अंदाजाने पडायला लागतं, ‘एक चमचा’ कूट शिगोशीग होतं. एक आठवडा सगळं पुन्हा तोलून लिहा, गळती बहुधा तिथेच सापडते. तीन आठवडे सगळं चोख असूनही सरासरी हलली नाही तर चालण्यात पंधरा मिनिटं वाढवा किंवा एक पोळी कमी करा. बायकांनी १,२०० कॅलरींच्या आणि पुरुषांनी १,५०० च्या खाली स्वतःच्या मनाने जाऊ नये.

काहींनी मात्र हा उद्योग डॉक्टरांशिवाय सुरूच करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, कारण खाणं घटवल्यावर मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आया. वाढत्या वयातली मुलं. वजन अकारण वाढत असेल, सोबत थकवा, थंडी, पाळीची अनियमितता असेल तर थायरॉइडची तपासणी आधी करून घ्या. चालताना छातीत दाटून आलं तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

आणखी एका माणसाने थांबायला हवं. लिहिता लिहिता जर जेवणाची भीती वाटायला लागली, आकडा वाढला की अपराधी वाटायला लागलं, चारचौघांत जेवणं टाळावंसं वाटलं, तर वही बंद करा आणि डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. घरातल्या किशोरवयीन मुलीच्या बाबतीत आईवडिलांनी याकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं. तिच्या वजनावरून थट्टा तर कधीच करू नये.

हवं तेवढं वजन उतरल्यावर रोज लिहायची गरज राहत नाही. चालणं आणि दिवसाआडचा स्नायूंचा व्यायाम मात्र कायमचा. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक मोठी नोंदवही ठेवलेली आहे, ज्यांनी किमान साडेतेरा किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलं. त्यातल्या बहुतेकांच्या दोन सवयी समान आहेत: दिवसाला तासभर हालचाल आणि आठवड्यातून किमान एकदा काट्यावर उभं राहणं. तुम्हीही वार ठरवून घ्या. सरासरी दोन किलोंनी वर गेली तर पाच व्हायची वाट बघू नका, त्याच आठवड्यात पुन्हा लिहायला बसा.